बाईंच्या घरातली दीड फुटाची वाट

बाई पडल्याचं सगळ्यात आधी लक्षात आलं ते रोज सकाळी कचरा न्यायला येणाऱ्या ताईंच्या. सात वर्षांत बाईंची ओल्या कचऱ्याची बादली दाराबाहेर ठेवायची राहिली, असं एकदाही झालं नव्हतं. त्या दिवशी बादली नव्हती. ताईंनी बेल दाबली, कडी वाजवली, तेव्हा आतून बारीक आवाजात "अगं, उठता येत नाहीये" असं ऐकू आलं. खालच्या मजल्यावरच्या काकांकडे जादा किल्ली होती. कुलूप उघडलं, दार मात्र वीतभर सरकून अडकलं. दारामागची पिशव्यांची रास कोसळून आडवी आली होती. शेवटी इस्त्रीवाल्याच्या बारा वर्षांच्या मुलाला त्या फटीतून आत पाठवलं, त्याने एकेक पिशवी बाजूला केली आणि पाऊण तासाने मोठी माणसं आत जाऊ शकली. बाई पहाटे चारला बाथरूमला जायला उठल्या होत्या. ताई आल्या तेव्हा नऊ वाजून गेले होते.

उजवं मनगट मोडलं होतं. दवाखान्यात प्लास्टर घातलं, कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या, कागदावर ‘घरात पाय घसरून पडल्या’ अशी नोंद झाली. घर कसं आहे हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी बाईंनी सांगितलं नसतं.

हे प्रकरण पुण्यातल्या एका जुन्या पेठेतलं, वस्तू साचत जातात आणि टाकता येत नाहीत अशा आजाराचं. बाई म्हणजे निवृत्त प्राथमिक शिक्षिका, वय ७४, यजमान जाऊन अकरा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. जवळचं माणूस म्हणजे पिंपरीला राहणारा भाचा आणि संगमनेरजवळच्या गावी असलेली थोरली बहीण. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. हे लिहायला बाईंची संमती आहे. मसुदा वाचून त्यांनी दोन ठिकाणी माझं शुद्धलेखनही सुधारून दिलं. मी ज्येष्ठांच्या घरी जाऊन काम करणारी समाजकार्यकर्ती. सोबत एक मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर होत्या, त्या महिन्यातून एकदा घरी यायच्या. बाकीचं सगळं काम दारावरच्या माणसांनी केलं. ते कसं केलं, ते सांगण्यासाठीच हे लिहिते आहे.

पहिल्या तीन भेटी जिन्यात

"आत नको गं, पसारा आहे." आपल्याकडे प्रत्येक घरात पाहुण्याला हे वाक्य ऐकू येतं आणि पाठोपाठ चहा येतो. इथे बाई दार ओढून घेऊन बाहेर आल्या आणि आम्ही जिन्याच्या पायरीवर बसलो. दुसऱ्या भेटीतही तसंच. मी आत येऊ का, असं विचारलं नाही. प्लास्टरमुळे वेणी घालता येत नव्हती, ती मी जिन्यातच घालून दिली. तिसऱ्या भेटीत पाऊस सुरू झाला आणि बाईच म्हणाल्या, "ये. पण कशाला हात लावू नकोस."

दीड फुटाची वाट होती. दारापासून स्वयंपाकघरापर्यंत, तिथून एक फाटा बाथरूमकडे, एक पलंगाकडे. दोन्ही बाजूंना छातीइतकी रास. खिडकीच्या निम्म्या उंचीपर्यंत रद्दीचे गठ्ठे, त्यामुळे भर दुपारी दिवा लावावा लागे. पलंगाच्या भिंतीकडच्या अर्ध्या भागावर कपडे आणि ओटीचे खण, उरलेल्या अर्ध्यावर बाई कुशीवर झोपत. उताणं झोपलं तर अंगावर काहीतरी घसरायचं.

पण ही रास आंधळी नव्हती. दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून, घडी घालून, पन्नास-पन्नासच्या गड्ड्या दोऱ्याने बांधलेल्या. प्रत्येक गड्डीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर महिना आणि साल. श्रीखंडाचे डबे एकात एक बसवून छताला भिडलेले. जुनी कालनिर्णयं, ज्यांच्या तारखांच्या चौकटीत दुधाचा हिशोब लिहिलेला. २०१२ पर्यंतचं अक्षर यजमानांचं, पुढचं बाईंचं. विद्यार्थ्यांच्या वह्या. आणि लग्नपत्रिका, गोण्या भरून. स्वयंपाकघरात गॅसच्या दोन बर्नरपैकी एक चालू, दुसऱ्यावर भांडी आणि भांड्यांवर कागदी पुडे.

ओला कचरा मात्र रोज बाहेर जात होता. कुजलेलं काही नव्हतं, बाई स्वच्छ होत्या, पातळ धुतलेलं. निदानासाठी ही गोष्ट फार महत्त्वाची होती. म्हातारपणी स्वतःकडे, घराकडे पूर्ण दुर्लक्ष होऊन घाणीत राहणं ही वेगळी अवस्था आहे. तिच्यामागे पुष्कळदा मेंदूच्या पुढच्या भागाचा ऱ्हास किंवा स्मृतिभ्रंश असतो. इथे दुर्लक्ष कशाकडेच नव्हतं. उलट प्रत्येक वस्तूकडे लक्ष होतं.

साठेबाजी म्हणायचं नाही

इंग्रजीत ‘होर्डिंग डिसऑर्डर’ म्हणतात त्या या आजाराला मराठीत रुळलेला शब्द नाही. ‘साठेबाजी’ म्हटलं की तेल-साखर दडवणारा व्यापारी डोळ्यांपुढे येतो. भाच्याने एकदा चिडून तो शब्द वापरला होता आणि बाईंना तो अजून डाचतो. आम्ही ‘सामान’ हाच शब्द ठेवला. ‘पसारा’ बाई म्हणाल्या तर चालेल, आम्ही म्हणायचं नाही.

अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ साली आपल्या निदानपुस्तिकेत याला स्वतंत्र विकार म्हणून जागा दिली. तोपर्यंत हे मंत्रचळाचंच (ओसीडीचंच) एक रूप मानलं जायचं. कसोटी अशी : वस्तूची किंमत काहीही असो, ती टाकणं सातत्याने जड जातं, टाकायच्या कल्पनेनेच जीव कासावीस होतो, आणि साचत साचत घरातल्या खोल्या ज्या कामासाठी आहेत त्या कामाला उरत नाहीत. घर मोकळं दिसत असेल पण ते दुसऱ्या कुणी आवरल्यामुळे, तरी निदान बदलत नाही. हा शेवटचा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण बाईंच्या घरात तीन वर्षांपूर्वी नेमकं तेच झालं होतं.

बाईंनी मला एकदा रोखठोक विचारलं, "केळकरांनी केला तो संग्रह, आणि मी केला तो आजार?" राजा दिनकर केळकर संग्रहालय त्यांनी शाळेच्या सहलींबरोबर अनेकदा पाहिलेलं. दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, दरवाजे, वाद्यं अशा वीसेक हजार वस्तू गोळा केल्या आणि अकाली गेलेल्या मुलाचं नाव त्या संग्रहाला दिलं. प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, "बाई, तिथली वस्तू दाखवायला काढता येते. तुमचं पेन्शनचं पुस्तक तुम्हाला मार्चपासून सापडत नाहीये." त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ते खरं."

आपण मराठी माणसं ‘लागेल कधीतरी’ हा गुण मानतो, आणि तो गुण आहेच. दोऱ्याचा तुकडा, रिकामी बाटली, पाठकोरा कागद जपणाऱ्या घरांत आम्ही वाढलो. बाई १९७२ च्या दुष्काळात तेवीस वर्षांच्या होत्या, सुकडी वाटायच्या रांगा त्यांनी सांभाळल्या. म्हणून हे सगळं टंचाईतून आलं, असा निष्कर्ष भाच्याने काढला होता आणि आधी मलाही तो पटला. पण थोरल्या बहिणीने तोच दुष्काळ काढला आणि तिच्या घरात जादा वाटी नाही. संशोधनातही लहानपणच्या गरिबीशी या आजाराचं सरळ नातं सापडलेलं नाही; जवळच्यांचे मृत्यू, आघात, घराण्यात असलेला कल यांच्याशी सापडतं. सुरुवात बहुधा पौगंडावस्थेत होते, दर दशकाला आजार वाढत जातो आणि साठीनंतर तो लोकांना दिसतो. बाईंच्या बहिणीने फोनवर सांगितलं की, बाई सातवीत असल्यापासून पेन्सिलींची टोकं डब्यात ठेवायच्या. पुढे यजमान दर दिवाळीला त्यांच्याशी बोलून, समजावून, थोडं थोडं सामान बाहेर काढत. ते गेले आणि लगाम सुटला.

सगळे अभ्यास मिळून मोठ्या माणसांत हे प्रमाण अडीच टक्क्यांच्या आसपास येतं. नेदरलँड्समध्ये जुळ्या भावंडांच्या नोंदींवरून झालेल्या २०१७ च्या अभ्यासात सत्तरीपुढे ते सहा टक्क्यांवर गेलं. म्हणजे ज्या इमारतींमध्ये म्हातारी माणसं जास्त, तिथे असं एखादं बंद दार असणारच.

दोन टेम्पो

तीन वर्षांपूर्वी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी बाई चार दिवस भाच्याकडे होत्या. तेवढ्यात भाच्याने मजूर लावून घर रिकामं केलं. दोन टेम्पो सामान गेलं. रंग दिला, नवे पडदे लावले, डोळ्यांवरची पट्टी काढून बाईंना घरी आणलं. आत्याला आनंद होईल अशी त्याची खरोखर कल्पना होती.

बाई पडद्यांकडे बघत उभ्या राहिल्या आणि त्यांनी त्याच्याकडून किल्ली परत मागून घेतली. त्या टेम्पोंमध्ये नेमकं काय गेलं हे त्यांना कधीच कळलं नाही, म्हणून त्यांच्या लेखी सगळंच गेलं. आजही एखादी वस्तू सापडली नाही की ती ‘त्या टेम्पोत’ गेलेली असते. दीड वर्षात घर पहिल्यापेक्षा जास्त भरलं, आणि आता त्यात कुणालाही प्रवेश नव्हता.

भाच्याला मी दोषी धरत नाही. हे प्रकरण माझ्याकडे आलं तेव्हा तो मला म्हणाला, "मॅडम, आत्याला कुठेतरी भरती करू या, तोवर मी घर करून घेतो." मी त्याला दोन गोष्टी सांगितल्या. पहिली कायद्याची : मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे प्रत्येक माणूस स्वतःच्या उपचाराचा निर्णय घ्यायला सक्षम आहे असंच धरून चालायचं असतं, आणि समाजात राहून उपचार घेणं हा त्याचा हक्क आहे. दुसरी अनुभवाची : घर रिकामं करता येतं, टाकण्याचा निर्णय दुसऱ्याच्या हाताने घेता येत नाही. तो निर्णय घेण्याची ताकद हाच उपचाराचा विषय आहे. ती वाढली नाही तर टेम्पो परत बोलवावे लागतात. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि त्याने विचारलं, "म्हणजे मी तिचं वाईट केलं का?" काय झालं ते त्याच्या लक्षात आलंच होतं. त्याला काम दिलं : दर रविवारी फोन करायचा आणि सामान हा विषय काढायचा नाही.

तपासण्या थोडक्यात सांगते. स्मरणशक्तीची चाचणी वयाच्या मानाने ठीक. ठरवणं, क्रम लावणं, गट पाडणं यांत मात्र चांगलीच अडचण. नैराश्य सौम्य. बी-१२ कमी निघालं, इंजेक्शनं दिली. झोपेची गोळी वर्षानुवर्षं चालू होती, पहाटेच्या पडण्यात तिचा हात असणार. डॉक्टरांनी ती तीन महिन्यांत हळूहळू बंद केली. या आजारावर खात्रीचं असं औषध नाही, त्यामुळे औषधांची भर घातली नाही. पसारा मोजायला एक चित्रमाला वापरतात : स्वयंपाकघर, बैठकीची खोली आणि झोपायची खोली यांचे प्रत्येकी नऊ फोटो, मोकळ्या खोलीपासून छतापर्यंत भरलेल्या खोलीपर्यंत. आपली खोली ज्या फोटोसारखी, तो आकडा. चार किंवा त्याच्या पुढे गेलं की लक्ष घालायचं. भाषा लागत नाही, हे त्या चित्रमालेचं मोठं सुख. बाईंनी स्वतः आकडे दिले : हॉल सात, झोपायची खोली सहा, स्वयंपाकघर पाच. माझेही तेच होते. काहीजणांना स्वतःच्या घरातली रास दिसतच नाही. बाईंना दिसत होती, हे आमचं नशीब.

आधी गॅस, मग बाकी

पहिल्या महिन्यात आम्ही काहीही टाकलं नाही. फक्त हलवलं. मेलबर्नच्या अग्निशमन दलाच्या १९९९ ते २००९ या दहा वर्षांच्या नोंदींमध्ये असं दिसलं की, घरांना लागलेल्या आगींपैकी अशा भरलेल्या घरांतल्या आगी जेमतेम पाव टक्का होत्या, पण टाळता आले असते अशा मृत्यूंपैकी २४ टक्के त्या घरांतले होते. बाईंना मी हे सांगितलं. घाबरवायला नाही, पुडे गॅसवरून का हलवायचे याचं कारण त्यांना हवं होतं. त्यांनी दुसरा बर्नर मोकळा केला, दारामागची रास हॉलमध्ये घेतली आणि वाट दीडवरून अडीच फुटांवर आली. इस्त्रीवाल्याच्या मुलाने खडूने दोन्ही बाजूंना रेघ मारली. रेघेच्या आत काही ठेवायचं नाही, हा नियम बाईंनी केला आणि वर्गशिस्तीसारखा पाळला.

उपचाराची चौकट आम्ही अमेरिकेत सॅन दिएगोच्या मानसशास्त्रज्ञ कॅथरीन एअर्स यांच्या कामावरून उचलली. ज्येष्ठांमध्ये नेहमीची विचार-वर्तन चिकित्सा फारशी लागू पडत नाही असं त्यांना दिसलं, कारण वस्तूंबद्दलचे विचार तपासायला जी मानसिक क्रमवारी लागते तीच उतारवयात अवघड होते. म्हणून त्यांनी २६ सत्रांची पद्धत बांधली : आधी कॅलेंडर वापरणं, कामांची यादी, गट पाडणं, एका अडचणीवर चार वाटा शोधणं हे शिकवायचं, आणि मग प्रत्यक्ष वस्तू हातात घेऊन सोडण्याचा सराव. साठीपुढच्या ५८ जणांवर झालेल्या त्यांच्या चाचणीत या पद्धतीने लक्षणं ३८ टक्क्यांनी उतरली. दुसऱ्या गटाला फक्त समाजकार्यकर्त्याची नियमित सोबत आणि मदत होती, तिथेही २५ टक्क्यांनी उतरली. मला हा दुसरा आकडा जास्त बळ देतो. आपल्याकडे अशी चिकित्सा करणारे हातावर मोजण्याइतके, पण नियमित सोबत करायला माणसं आहेत.

सॅन फ्रान्सिस्कोत याहून मोठी चाचणी झाली, ३२३ जणांची, २०१८ साली प्रसिद्ध झालेली. काही गट मानसतज्ज्ञांनी चालवले, काही गट स्वतः या आजारातून गेलेल्या प्रशिक्षित माणसांनी. निकाल सारखेच आले. आपल्या नाशिक जिल्ह्यात, पेठ तालुक्यात, ‘आत्मीयता’ उपक्रमाने गावातल्याच स्वयंसेवकांना मनाची दुखणी ओळखायला आणि सोबत करायला शिकवलं, नंतर तो गुजरातेत मेहसाण्याला मोठा झाला. तिथला विषय पसारा नव्हता. पण शेजारचा माणूस उपचाराचा भाग होऊ शकतो, हा विश्वास मला तिथून मिळाला.

तर बाईंचं ध्येय काय? ‘घर मोकळं करणं’ हे भाच्याचं ध्येय होतं, सोसायटीच्या सेक्रेटरींचं होतं. बाईंचं वेगळं निघालं. "माझी बहीण एक रात्र माझ्याकडे राहायला यावी. अकरा वर्षांत ती वर आलेली नाही, खालूनच जाते." बस. गादी घालायला सहा फूट बाय तीन फूट जागा हवी होती.

मंगळवार आणि शुक्रवार, एका वेळी वीस मिनिटं. तीन क्रेट : ठेवायचं, द्यायचं, ठरत नाही. ‘ठरत नाही’चा क्रेट एकच, भरला की तो उघडून बसायचं. सोडताना जीव किती तुटला याचे दहापैकी गुण बाई वहीत लाल पेनने मांडायच्या. पहिली दुधाच्या पिशव्यांची गड्डी देताना नऊ. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच गड्डीसाठी चार. आठवड्याने एक. हा उतार त्यांनी स्वतःच्या अक्षरात पाहिला, आणि माझ्या दहा व्याख्यानांपेक्षा त्याचा उपयोग झाला.

गट पाडणं फार जड गेलं. ज्यांनी तीस वर्षं मुलांना सजीव-निर्जीव शिकवलं, त्यांना स्वतःचे डबे एका गटात घालता येईनात. "हा निळ्या झाकणाचा आहे. हा मुंजीतला." प्रत्येक वस्तू एकुलती एक.

इथे कचरावाल्या ताई कामाला आल्या. त्यांनी दुधाच्या पिशवीचं प्लास्टिक बोटांनी चोळून दाखवलं, हे जाड असतं, याला भाव चांगला मिळतो, याचे दाणे करतात, असं सगळं सांगितलं. बाईंना वस्तू ‘वाया’ जाण्याची धास्ती होती. ती कुठे जाते हे कळल्यावर हात सैल झाला. ताईंना आलेले पैसे त्या बाईंना सांगत, बाई तेही वहीत लिहीत. रद्दीवाले भाऊ वर्षानुवर्षं बाईंसाठी जुनी मासिकं प्रेमाने बाजूला काढून ठेवत, येताना आणून देत. त्यांना सांगितल्यावर ते दारात उभे राहून म्हणाले, "बाई, आता मी न्यायला येणार, आणायला नाही." बोहारणीचा प्रश्न होता, कारण जुने कपडे दिले की नवं भांडं घरात येई, बाईंनी कपडे पैशांवर द्यायचं ठरवलं आणि भांड्याला नाही म्हणायचा सराव माझ्यावर केला. काकांनी सोसायटीच्या सभेत सेक्रेटरींची समजूत घातली आणि सामानाबद्दलची नोटीस सहा महिने थांबवली. सगळ्यांना एकच नियम : बाईंनी हात लावल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही.

तो नियम मोडला मी. सप्टेंबरमध्ये, बाराव्या सत्राला, टेबलावर गोळ्यांची एक रिकामी स्ट्रिप दिसली. पूर्ण रिकामी, मागची चंदेरी फाटलेली. बोलता बोलता ती मी कचऱ्याच्या पिशवीत टाकली. बाईंनी वाक्य अर्धवट सोडलं, पिशवीत हात घालून स्ट्रिप काढली, पदराने पुसली. "ह्यांची शेवटची आहे." एवढंच म्हणाल्या. पुढचे तीन आठवडे दार उघडलं नाही. मी जिन्यात बसून परत यायचे. मी चिठ्ठीत माफी लिहून दाराखालून सरकवली, ‘वस्तू तुमची होती आणि विचारायला हवं होतं’ एवढीच, सबब न देता. त्या काळात ताईंनी संबंध तुटू दिला नाही. रोज बादली उचलताना दोन वाक्यं बोलायच्या. चौथ्या मंगळवारी दार उघडलं तेव्हा माझी चिठ्ठी ‘ठेवायचं’च्या क्रेटमध्ये होती.

पत्रिका

सगळ्यात कठीण निघाल्या लग्नपत्रिका. एकतर त्या विद्यार्थ्यांच्या, म्हणजे बाईंच्या आयुष्याची कमाई. दुसरं म्हणजे प्रत्येकीवर गणपती. देव रद्दीत कसा द्यायचा? याचं उत्तर पाश्चात्त्य पुस्तिकांमध्ये असणं शक्यच नाही. ताईंनीच सुचवलं, "बाई, आपण नदीत नाही, बादलीत विसर्जन करू की. गणपतीचंही आता घरातच करतात लोक."

दोन दिवस लागले. बाई प्रत्येक पत्रिका उघडून नाव वाचत. ज्यांची आठवण आली त्यांची नावं वहीत उतरवत. पंधरा पत्रिका ठेवायच्या असं त्यांनीच ठरवलं होतं, त्या बाजूला काढत. बाकीच्या हळदीकुंकू वाहून पाण्यात. अक्षता टाकून मंत्र म्हणू लागल्या आणि ‘पुनरागमनाय च’पाशी थबकल्या. "अगं, हे म्हणायचं की नाही? परत येतील सगळ्या!" आणि त्या हसल्या. चार महिन्यांत पहिल्यांदा मी त्यांना हसताना पाहिलं. ताईही पदर तोंडाला लावून हसत होत्या. मंत्र पूर्ण म्हटला. भिजलेला लगदा ताईंनी नेला. त्या संध्याकाळी वहीत गुण होते सात, दुसऱ्या दिवशी दोन.

कालनिर्णयं मात्र राहिली, यजमानांच्या अक्षरातली सगळी. त्यांच्यावर आम्ही वेळ घालवला नाही. सत्तावीस-अठ्ठावीस कॅलेंडरं एका खोक्यात मावतात, आणि कुणाच्याही घरात एक खोकं असावं.

संक्रांतीला बहीण आली. हॉल तेव्हा चारवर होता, झोपायची खोली तीनवर, स्वयंपाकघर तीनवर. बहिणीला पलंगावर झोपवून बाईंनी स्वतः हॉलमध्ये गादी घातली, पण रात्री दोनपर्यंत दोघी पलंगावरच बोलत बसल्या होत्या, असं काकांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. त्यांना खाली आवाज येत होता. भाचाही आला होता. दारात उभा राहून त्याने विचारलं, "आत्या, आत येऊ?" बाईंनी त्याला तिळगूळ दिला, आणि जाताना किल्ली दिली.

हे सगळं दहा महिन्यांत झालं. एप्रिलमध्ये आम्ही आठवड्याच्या भेटी थांबवून महिन्याला एक केली.

जूनमध्ये बहीण गेली. गावाहून परत येताना बाईंनी तिची दोन लुगडी, पितळी डबा, चष्मा आणि घरातल्या सगळ्या रिकाम्या बाटल्या आणल्या. ऑगस्टमध्ये हॉल पुन्हा पाचवर होता, आणि खडूची रेघ एका जागी झाकली गेली होती. हे मला आधी कळवलं ताईंनी : "बाईंची बादली बाहेर असते, पण दार परत अर्धंच उघडतंय." म्हणून भेटी पुन्हा सुरू केल्या आहेत, शुक्रवारच्या. ताई त्यांची फेरी आटोपून साडेअकराला येतात आणि वीस मिनिटं थांबतात. बाटल्या जाताहेत, दर आठवड्याला पाच-सहा. लुगड्यांचा विषय अजून निघालेला नाही, आम्ही काढणारही नाही. गॅलरी पहिल्या दिवसापासून भरलेली आहे आणि तिला हात लावायचा नाही असं बाईंनी तेव्हाच सांगितलं होतं. मागच्या शुक्रवारी त्या स्वतः गॅलरीचं दार उघडून बराच वेळ आत बघत उभ्या होत्या. मग दार लावलं आणि म्हणाल्या, "आज बाटल्याच."